हिरव्या रकान्यातला काजू: बोट टोचून केलेल्या बहु-ॲलर्जी चाचणीचे एक प्रकरण

चार वर्षे दोन महिने वयाच्या एका मुलीला सकाळी साडेनऊच्या सुमारास तातडीच्या विभागात आणले गेले, तेव्हा मानेपासून मांड्यांपर्यंत तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठलेल्या होत्या, वरचा ओठ सुजला होता, दोनदा उलटी झाली होती आणि आवाज घोगरा होऊन कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला सुरू झाला होता. त्वचा, पचनसंस्था आणि श्वसनमार्ग या तिन्हींची लक्षणे एकाच वेळी दिसत असल्यामुळे ॲनाफिलॅक्सिसचे, म्हणजे अचानक उसळून सगळ्या शरीराला ग्रासणाऱ्या गंभीर ॲलर्जीचे, निदान करायला वेळ लागला नाही. वजन १४ किलो असल्याने दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने ०.१४ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत दिले गेले. दहा-बारा मिनिटांत खोकला थांबला, आवाज मोकळा झाला आणि दुसऱ्या मात्रेची गरज पडली नाही. लक्षणे काही तासांनी पुन्हा उसळू शकतात, म्हणून तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवले.

त्या सकाळी तिने काजूपासून बनवलेल्या पेयाचे तीन-चार घोट घेतले होते. हे सांगताना आईने पिशवीतून चार पानांचा एक छापील अहवाल काढला, तिसरे पान उघडले आणि हिरव्या पट्टीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हटले, “डॉक्टर, काजू तर निगेटिव्ह आहे. म्हणून तर दिलं.” त्या ओळीत काजूपुढे ०.२८ हा आकडा होता. या प्रकरणात तपासण्यासारखे जे काही आहे, ते आईच्या या दोन वाक्यांत आहे. (मुलीची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.)

मुलीला पाचव्या महिन्यापासून इसब आहे. कोपरांच्या व गुडघ्यांच्या मागच्या घड्यांत ते कमीजास्त होत राहते आणि मलमांनी बऱ्यापैकी आटोक्यात असते. दूध, गहू, अंडे, शेंगदाणे हे सगळे ती पहिल्या वाढदिवसाच्या आसपासपासून खात होती आणि त्यातील कशानेही तासा-दोन तासांत काही झाल्याची आठवण आईवडिलांना नव्हती. या घटनेच्या साधारण साडेचार महिने आधी एका समारंभात तिने केकचा तुकडा खाल्ला, पंधरा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजला आणि एक उलटी झाली. घरी औषध दिल्यावर ते दोन तासांत ओसरले. केकमध्ये दूध, मैदा, अंडे आणि, नंतर आम्ही खोदून विचारल्यावर समजले त्याप्रमाणे, मधल्या थरात काजूची पेस्ट होती. आईवडिलांचा संशय दुधावर गेला. तोच पदार्थ ती रोज दोन वेळा कसलाही त्रास न होता घेत होती, हा मुद्दा त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आला नाही.

तीन आठवड्यांनी त्यांनी घरबसल्या करायची एक तपासणी मागवली. बोट टोचून काढलेल्या रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर सुकवायचे, कार्ड टपालाने पाठवायचे आणि त्यातून ४४ घटकांविरुद्धची ॲलर्जी तपासून मिळणार, अशी ती सोय होती. कार्ड पाठवण्यापूर्वी वडिलांनी त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढले होते आणि ते आम्हाला पाहता आले. पाच छापील वर्तुळांपैकी दोनच नीट भरलेली होती. एका वर्तुळात दोन थेंब एकावर एक पडून गडद कडा तयार झाली होती, एकात रक्त कडेला पोचलेच नव्हते आणि पाचव्यात फिकट, जवळजवळ नारिंगी डाग होता. वडिलांनी प्रामाणिकपणे सांगितले की हात गार होता, रक्त येईना, म्हणून तळहातापासून टोकापर्यंत बोट पिळून काढले, आणि पुसून टाकायचा पहिला थेंबही वाया जाऊ नये म्हणून कार्डावरच लावला. बोट असे पिळले की ऊतींमधले पाणी रक्तात मिसळते आणि काही रक्तपेशी फुटतात, त्यामुळे नमुना पातळ होतो. हात कोमट पाण्यात धरावा, खाली लोंबता ठेवावा, मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, अगदी मध्यावर न टोचता थोडे बाजूला टोचावे, स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे आणि थेंब आपोआप फुगून खाली पडू द्यावा, हे शिकवलेल्या हातालाही प्रत्येक वेळी साधतेच असे नाही. मग रडणाऱ्या मुलीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने हे करणाऱ्या बापाला दोष देण्यात अर्थ नाही.

अहवालात ४४ पैकी १७ ओळी लाल होत्या. त्यातील दहा धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म प्राणी), गवताचे व झाडांचे परागकण आणि प्राण्यांचे केस-कोंडा यांच्या होत्या, आणि सात खाद्यपदार्थांच्या: गहू, दूध, अंडे, शेंगदाणा, सोयाबीन, टोमॅटो आणि कोळंबी. आईवडिलांनी सातही पदार्थ त्याच दिवशी बंद केले. दुधाऐवजी ओटचे पेय सुरू झाले. चौदा आठवड्यांत वजन वाढण्याऐवजी ९०० ग्रॅमनी घटले आणि इसब होते तसेच राहिले. मुलगी ओटच्या पेयाला कंटाळली, तेव्हा आईने अहवाल पुन्हा उघडला, हिरव्या ओळींमधून पर्याय शोधला आणि तिला काजू सापडला. ज्या एका पदार्थाची तिला खरी ॲलर्जी होती, तो तिच्या पेल्यात अहवालाच्या हवाल्याने आला.

येथे आमच्या बाजूचीही एक चूक नोंदवणे भाग आहे. तातडीच्या विभागातील केसपेपरवर त्या सकाळी “दूध, गहू, अंडे, शेंगदाणा इ. अनेक पदार्थांची ॲलर्जी” अशी नोंद झाली. लिहिणाऱ्या डॉक्टरने ती अहवालाच्या पहिल्या पानावरून उतरवली होती, आणि ती पुढचे तीन दिवस प्रत्येक कागदावर तशीच नकलली गेली. छापील लाल ओळीचा दरारा फक्त पालकांनाच वाटतो, असे समजण्याचे कारण नाही.

ही चाचणी मोजते ते आयजीई नावाचे प्रतिपिंड, म्हणजे परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारे रक्तातले एक प्रथिन. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहानसन व बेनिच यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला, १९६८ मध्ये त्याचे नाव ठरले आणि ते रक्तात मोजण्याची रास्ट ही पद्धतही त्याच काळात पुढे आली. त्याआधी त्वचेवर टोचून किंवा ओरखडून पाहणे हाच मुख्य मार्ग होता, आणि तो चार्ल्स ब्लॅकली या इंग्रज डॉक्टरने १८७३ मध्ये परागकणांबाबत स्वतःच्या अंगावर करून दाखवलेला होता. आजच्या बहुतेक अहवालांत दिसणारी ०.३५ किलोयुनिट प्रति लिटर ही सीमारेषा त्या जुन्या पद्धतीचा वारसा आहे. त्या काळच्या उपकरणांना त्याखालचे भरवशाने मोजता येत नव्हते, म्हणून रेषा तिथे पडली. शरीराने ती आखलेली नाही. आजची चांगली उपकरणे ०.१ पर्यंत मोजतात, पण लाल-हिरव्या रंगांची फाळणी मात्र जुन्याच रेषेवर होत राहते.

आयजीई रक्तात असणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख करून ठेवली आहे, एवढेच. त्याला संवेदीकरण म्हणतात. तो पदार्थ खाल्ल्यावर त्वचेत आणि आतड्यांत असणाऱ्या मास्ट पेशींतून हिस्टामिन हे रसायन सुटून लक्षणे उमटतील की नाही, हे त्या आयजीईचे प्रमाण, ते प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटते, किती घट्ट चिकटते, आणि पदार्थ शिजवल्यावर व पचल्यावर तो भाग टिकतो का, या सगळ्यावर अवलंबून असते. आईवडिलांनी विचारलेला प्रश्न होता, “हिला काय देऊ नये?” कार्डाने उत्तर दिले ते वेगळ्याच प्रश्नाचे होते.

चाचणी बोटातल्या रक्तावर झाली म्हणून फसली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि आमच्या बैठकीत तो एकाने काढलाही. मला तो पटत नाही. केशवाहिन्यांतल्या रक्तात आणि शिरेतल्या रक्तात आयजीई सारखेच असते, हे प्रथिन बऱ्यापैकी टिकाऊ आहे, आणि आधुनिक पद्धतींना नमुना खरोखरच थोडा लागतो: ११२ घटक तपासणाऱ्या एका सूक्ष्म-पट्टीला ३० मायक्रोलिटर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पुरते. या मुलीच्या बाबतीतही पाच आठवड्यांनी शिरेतून घेतलेल्या रक्तातील मोठे आकडे कार्डावरच्या आकड्यांशी ढोबळमानाने जुळले. माइट आणि गवताचे परागकण दोन्हीकडे भरपूर होते, गहू कार्डावर ९ आणि आमच्याकडे ११ होता. बिघाड झाला तो खालच्या टोकाला. काजूचा आमचा आकडा ०.९२ आला. पातळ झालेला नमुना, अर्धवट भरलेल्या वर्तुळातून चाचणीसाठी पाडलेली कागदाची टिकली आणि दोन वेगळ्या पद्धतींमधला फरक, यांतले किती कोणाच्या माथी मारायचे हे सांगता येणार नाही. केवळ पिळण्याने आकडा तिपटीने घसरेल असे मला वाटत नाही. मात्र सीमारेषेजवळच्या आकड्याला एवढ्या तेवढ्याने रंग बदलावा लागतो, आणि कागदावर ०.२८ व ०.०० या दोन्हींचा हिरवा रंग सारखाच छापला जातो.

दुसरी अडचण निव्वळ गणिताची आहे. समजा एखादी चाचणी निरोगी माणसाला १०० पैकी ९५ वेळा बरोबर निगेटिव्ह ठरवते. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या ४४ चाचण्या एकाच वेळी केल्या, तर कसलीही ॲलर्जी नसलेल्या माणसाच्या अहवालात निदान एक तरी लाल ओळ येण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. इसब असलेल्या मुलांमध्ये एकूण आयजीईच खूप वाढलेले असते (या मुलीचे १,१४० होते), त्यामुळे तिथे लाल ओळींचा पाऊसच पडतो. अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये अनावश्यक तपासण्यांची यादी केली, तेव्हा लक्षणांचा विचार न करता सरसकट केलेल्या आयजीई चाचण्यांची जंत्री तीत घातली ती याच कारणासाठी. त्याच नोंदीत अन्नाविरुद्धच्या आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या चाचण्याही आहेत. त्या तर खाल्लेल्या अन्नाची शरीराने घेतलेली सर्वसाधारण दखल दाखवतात, आणि युरोपीय संघटनेनेही २००८ मध्ये त्यांतल्या आयजीजी४ या प्रकाराच्या चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असे सांगितलेले आहे. या कुटुंबाने मागवलेली तपासणी निदान खरी आयजीईची होती, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल.

पाच आठवडे थांबून आम्ही मुलीला पुन्हा बोलावले, कारण ॲनाफिलॅक्सिसनंतर लगेच केलेली त्वचेची चाचणी फसवी निगेटिव्ह येऊ शकते. पहिला तास फक्त विचारण्यात गेला: काय खाल्ले, किती, किती मिनिटांनी काय झाले, त्याआधी ते किती वेळा खाल्ले होते, त्यानंतर खाल्ले का. केकमधला काजू त्या तासाभरात सापडला, आणि दोन्ही प्रसंगांत सामाईक असलेला तो एकमेव पदार्थ होता. तपासणीच्या आधी हे विचारले गेले असते तर ४४ ऐवजी एकाच घटकाची चाचणी पुरली असती. त्वचेवर टोचून पाहिल्यावर पंधरा मिनिटांनी तुलनेसाठी टोचलेल्या हिस्टामिनची गांध ५ मिलिमीटर, काजूची ९, अंड्याच्या पांढऱ्याची ३, गव्हाची २ आणि दूध व शेंगदाण्याची शून्य आली. ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात.

शिरेतल्या रक्तावर आम्ही निवडक घटक-चाचण्या केल्या, म्हणजे संपूर्ण पदार्थाऐवजी त्यातल्या एकेका प्रथिनाविरुद्धचे आयजीई पाहिले. शेंगदाण्याचा एकूण आकडा २.१ होता, पण गंभीर ॲलर्जीशी ज्याचे नाते सर्वांत घट्ट ते ‘आरा एच २’ प्रथिन ०.१ च्या खाली होते. गव्हातील ओमेगा-५ ग्लायडिनही तसेच. उलट वनस्पतींच्या प्रथिनांवर असणाऱ्या साखरेच्या साखळ्यांविरुद्धचे आयजीई ३.२ होते. या साखळ्या गवताच्या परागकणांत, गव्हात, सोयाबीनमध्ये, टोमॅटोत सगळीकडे जवळपास सारख्याच असतात, त्यांना चिकटणारे आयजीई चाचणीत झळकते आणि माणसाला मात्र सहसा काहीच करत नाही. शिवाय गवत आणि गहू हे एकाच कुळातले असल्याने परागकणांची ॲलर्जी गव्हाच्या ओळीत हमखास सांडते. कोळंबीचे कोडेही असेच सुटले. ट्रोपोमायोसिन हे स्नायूतील प्रथिन माइटमध्ये आणि कोळंबीत इतके सारखे असते की माइटच्या ट्रोपोमायोसिनविरुद्ध तयार झालेले आयजीई कोळंबीलाही ओळखते. मुलीने कोळंबी कधी खाल्लेलीच नव्हती. सातपैकी चार-पाच लाल ओळी अशा रीतीने गवत आणि माइट या दोनच गोष्टींच्या सावल्या ठरल्या.

काजूच्या बाबतीत हे उलटे घडले. एकूण ०.९२ हा आकडा वर्गवारीत दुसऱ्या पायरीचा, गव्हाच्या ११ पुढे नगण्य. पण त्यातील ‘अना ओ ३’ हे साठवणीचे प्रथिन १.८ आले. ते उष्णतेने आणि जठरातील आम्लाने सहजी मोडत नाही, आणि काजूच्या खऱ्या ॲलर्जीशी त्याचा संबंध पक्का आहे. घटकाचा आकडा संपूर्ण पदार्थाच्या आकड्यापेक्षा मोठा येऊ शकतो, कारण अर्कात ते एक प्रथिन तुलनेने कमी असते. दोन ठळक प्रसंग, ९ मिलिमीटरची गांध आणि हा घटक एवढे हाती असताना काजू खाऊ घालून खात्री करण्याची गरज नव्हती. पिस्ता काजूचा इतका जवळचा नातेवाईक आहे की तोही बंद ठेवला.

बाकीच्या पदार्थांसाठी मात्र खाऊ घालून पाहणे हाच निर्णायक मार्ग होता. इसब असलेल्या मुलाने आधी पचत असलेला पदार्थ काही महिने पूर्ण बंद केला, तर शरीराने कमावलेली सहनशीलता हरवू शकते आणि पुन्हा दिल्यावर तत्काळ प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून “आता घरी द्यायला हरकत नाही” असे फोनवर सांगून मोकळे होणे आम्हाला योग्य वाटले नाही. दूध १ मिलिलिटरपासून सुरू करून दर वीस मिनिटांनी वाढवत १५० पर्यंत नेले आणि नंतर दोन तास तिला थांबवून ठेवले. काही झाले नाही. त्याच पद्धतीने वेगवेगळ्या दिवशी गहू आणि शेंगदाणा पार पडले. सोयाबीन आणि टोमॅटो आम्ही साध्या निरीक्षणाखाली सुरू केले.

अंड्याचा निकाल सरळ लागला नाही. केकमध्ये भाजलेले अंडे तिने निर्धास्त खाल्ले, पण अर्धे उकडलेले अंडे खाल्ल्यावर चाळीस मिनिटांनी हनुवटीवर आणि मानेवर पाच गांधी उठल्या. यापूर्वी उकडलेले अंडे ती आठवड्यातून एक-दोनदा खात असे, असे आईचे म्हणणे. चौदा आठवड्यांच्या बंदीने हे झाले, की हलकीशी ॲलर्जी आधीपासूनच होती आणि इसबाच्या लालीत दिसली नव्हती, हे ठरवायला आधीची कोणतीही नोंद नाही. मला पहिली शक्यता जास्त वाटते, आणि ती सिद्ध करता येत नाही याची खंतही वाटते. भाजलेले अंडे चालू ठेवायचे आणि उकडलेले आठ महिन्यांनी पुन्हा करून पाहायचे, असे ठरले.

केसपेपरवरची जुनी नोंद खोडून “काजू व पिस्ता ॲलर्जी; अंडे: भाजलेले चालते” अशी लिहिली गेली. घरासाठी व शाळेसाठी ०.१५ मिलिग्रॅमची स्वयंचलित ॲड्रेनालिन इंजेक्शने दिली, आणि आईवडिलांकडून सरावाच्या सुईविरहित पेनने ती मांडीवर दाबण्याची तालीम तीन वेळा करून घेतली. पहिल्या दोन वेळा वडिलांनी पेन उलटे धरले. निघताना त्यांनी विचारले, “पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यांचीच करून घेऊ का? म्हणजे नवीन काही आलं तर कळेल.” आम्ही नाही म्हटले. त्यावर ते काही क्षण गप्प राहिले. अधिक तपासले म्हणजे अधिक काळजी घेतली, ही समजूत एका उत्तराने जाणारी नव्हती.

आठ महिन्यांनी मुलगी परत आली तेव्हा वजन १६ किलो ३०० ग्रॅम होते. शीर शोधताना ती एवढी घाबरली की आम्ही तिचे बोटच टोचायचे ठरवले. परिचारिकेने तिचा हात पाच मिनिटे कोमट पाण्याच्या पिशवीवर ठेवला, अनामिकेच्या बाजूला लॅन्सेट दाबले, पहिला थेंब कापसाने टिपून टाकला आणि पुढचे थेंब न पिळता छोट्या नळीत जमू दिले. साधारण ४०० मायक्रोलिटर रक्त मिळाले आणि त्यातून निम्म्याहून थोडे कमी सीरम. एका चाचणीला ४० मायक्रोलिटर लागते. मागणीपत्रावर आम्ही दोनच गोष्टी लिहिल्या: अंड्यातील ओव्होम्युकॉइड हे प्रथिन आणि काजूतील ‘अना ओ ३’. वडिलांनी ते पत्र हातात घेऊन मागची बाजूही उलटून पाहिली.